शिक्षा झाली तरी बंदूक घरातच: परवाना रद्द करून घेण्याची वाट

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बहिणीच्या नवऱ्याला ४९८-अ (विवाहितेचा छळ) आणि मारहाणीच्या कलमाखाली तालुक्याच्या न्यायालयाने एक वर्षाची शिक्षा दिली. त्याने सत्र न्यायालयात अपील केलं, शिक्षेला स्थगिती मिळाली आणि तो जामिनावर घरी आला. केळी आणि मका रानडुकरांपासून राखायला म्हणून घेतलेली बारा बोअरची दुनळी अजून त्याच्याच खोलीत आहे. पोलीस ठाण्यात ‘परवाना आहे, आम्ही काय करणार’ असं सांगितलं गेलं. अमेरिकेत अशा माणसाला बंदूक ठेवता येत नाही, मग आपल्याकडे तसा कायदा का नाही, असंही तुम्ही विचारलंत.

कायदा आपल्याकडेही आहे. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ९. हिंसा किंवा नैतिक अधःपतनाचा अंतर्भाव असलेल्या कोणत्याही गुन्ह्यात ज्याला कैदेची शिक्षा झाली, त्याला शिक्षा संपल्यानंतर पाच वर्षं बंदूक घेता येत नाही की जवळ ठेवता येत नाही. आधी यासाठी किमान सहा महिन्यांची कैद लागायची. १९८३ च्या दुरुस्तीने ती अट गेली, आता कितीही दिवसांची कैद पुरते. बायकोला मारून जखमी करणं हा हिंसेचा गुन्हा आहे, त्यावर वाद घालायला फारशी जागा नाही.

अडतं ते दुसरीकडेच. निकाल तालुक्याच्या न्यायालयात लागतो, परवाना जिल्हाधिकारी कचेरीतल्या गृह शाखेत असतो आणि या दोन टेबलांमध्ये आपोआप कागद जाण्याची सोय नाही. न्यायाधीश शिक्षा देतानाच परवाना का रद्द करत नाहीत, असं बऱ्याच जणांना वाटतं. कलम १७(७) मध्ये न्यायालयाला तो अधिकार आहे, पण गुन्हा शस्त्र अधिनियमाखालचा असेल तरच. ४९८-अ मध्ये दोषी ठरवणारं न्यायालय त्या कलमाखाली परवान्याला हात लावू शकत नाही. ते काम परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचं, म्हणजे जिल्हादंडाधिकाऱ्यांचं (जिल्हाधिकारी हेच जिल्हादंडाधिकारी). जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे खानदेशात सगळीकडे हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडेच आहे. निकालाची प्रत त्यांच्यापर्यंत कुणीतरी हातात घेऊन जायला हवी. ते काम तुम्हीच करा, कुणाची वाट पाहू नका.

आधी दोन कागद तपासा. पहिला, सत्र न्यायालयाचा स्थगितीचा आदेश. त्यात ‘शिक्षेची अंमलबजावणी स्थगित’ असं लिहिलंय की ‘दोषसिद्धी स्थगित’? जवळजवळ नेहमी पहिलंच असतं. शिक्षा स्थगित झाली तरी माणूस कायद्याच्या नजरेत दोषीच राहतो. समोरचा वकील मात्र म्हणेल की पाच वर्षं शिक्षा संपल्यावर मोजायची आणि शिक्षा अजून सुरूच झालेली नाही. म्हणून एकट्या कलम ९ वर विसंबू नका, खाली सांगतो ते कलम १७(३) सोबत जोडा. दुसरा कागद, मूळ निकालाचं शेवटचं पान. कैद झाली की फक्त दंड? की चांगल्या वर्तनाच्या हमीवर, परिविक्षेवर सोडलं? नुसता दंड किंवा परिविक्षा असेल तर ‘कैदेची शिक्षा’ ही अट पूर्ण होत नाही आणि कलम ९ चा हा भाग लागू पडत नाही. अशा वेळी सगळा भार १७(३) वरच येतो.

१७(३) मध्ये जिल्हादंडाधिकाऱ्यांना परवाना निलंबित किंवा रद्द करण्याची पाच कारणं आहेत. तुमच्या कामाची तीन: धारक कायद्याने प्रतिबंधित आहे किंवा ‘कोणत्याही कारणाने’ परवान्यास अपात्र आहे, सार्वजनिक शांतता व सुरक्षिततेसाठी तसं करणं आवश्यक आहे, किंवा परवाना घेताना महत्त्वाची माहिती दडवली आहे. अर्ज लिहिणारे बहुतेक जण फक्त ‘सार्वजनिक शांतता’ धरून बसतात, आणि नवरा-बायकोचं भांडण हा खासगी मामला आहे असं म्हणून आदेश अपिलात उडतो. ‘अपात्र’ हे कारण पहिलं घ्या, शांततेचं नंतर. माहिती दडवण्याचा मुद्दा नूतनीकरणात सापडतो. परवाना आता पाच वर्षांसाठी असतो, २०१९ च्या दुरुस्तीआधी तीन वर्षांचा असे. नूतनीकरणाच्या अर्जात गुन्हे आणि शिक्षा विचारलेल्या असतात. गुन्हा दाखल झाल्यानंतर त्याने नूतनीकरण केलं असेल आणि तिथे ‘निरंक’ लिहिलं असेल, तर हे कारण सगळ्यात भक्कम आहे, कारण ते कागदावरच सिद्ध होतं.

अर्जात काय हवं? त्याचं पूर्ण नाव, गाव, पोलीस ठाणं. परवान्याचा क्रमांक आणि त्यावरचा यूआयएन (विशिष्ट ओळख क्रमांक), बंदुकीचा क्रमांक, बोअर. परवाना पुस्तिकेचा फोटो मिळाला तर उत्तम. नसेल तर नाव-गाव पुरेसं आहे, पोलीस ठाण्याच्या शस्त्र नोंदीत बाकीचं असतं. गुन्हा क्रमांक, खटला क्रमांक, निकालाची तारीख, प्रमाणित प्रत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बंदुकीचा प्रत्यक्ष वापर: कोणत्या दिवशी, कुठल्या खोलीत, बंदूक हातात होती की भिंतीवर, काडतूस भरलं की नाही, तो नेमकं काय बोलला, कोण हजर होतं. ‘वेळोवेळी जिवे मारण्याची धमकी दिली’ या वाक्यावर कुठलाही जिल्हाधिकारी परवाना रद्द करणार नाही आणि केला तरी टिकणार नाही. नुसता गुन्हा प्रलंबित आहे एवढ्यावर परवाने रद्द करणारे आदेश उच्च न्यायालयांनी वारंवार फिरवले आहेत. बहीण अहिराणीत सांगत असेल तर जबाब तिच्याच शब्दांत घ्यायला लावा. ‘बंदूक दखाडस, नळी मन्हाकडे करस’ (बंदूक दाखवतो, नळी माझ्याकडे करतो) याचं ठाण्यात ‘दमदाटी केली’ एवढंच होऊन बसतं आणि पुढे तोच जबाब जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर जातो.

मागणी दोन टप्प्यांत लिहा: परवाना तातडीने निलंबित करून बंदूक जमा करून घ्यावी, आणि नोटीस व सुनावणीनंतर तो रद्द करावा. एकदम ‘रद्द करा’ एवढंच मागितलं तर फाईल कारणे दाखवा नोटिशीवर महिनोन् महिने थांबते आणि तोवर बंदूक घरातच राहते. एक प्रत गृह शाखेत, एक पोलीस अधीक्षकांकडे, एक ठाण्यात. तिन्हीकडे आवक शिक्का घ्या, तोंडी ‘ठेवून जा’ मान्य करू नका. काही हललं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा आणि त्यात स्पष्ट लिहा की माहिती जीविताशी संबंधित आहे. अशा माहितीला कायद्याने ४८ तासांची मुदत आहे, नेहमीच्या ३० दिवसांची नाही.

आदेश झाला की त्याने परवाना विनाविलंब परत करायचा आणि कलम २१ प्रमाणे बंदूक व काडतुसं ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. नाही केली तर तो बिनपरवाना शस्त्र बाळगतो आहे. २०१९ नंतर त्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद आहे. आदेशाविरुद्ध त्याचं अपील नाशिकच्या विभागीय आयुक्तांकडे जातं, त्यापुढे उच्च न्यायालयाचं छत्रपती संभाजीनगर खंडपीठ. अपिलात तुम्हाला आपोआप पक्षकार केलं जात नाही, म्हणून तिथे लेखी म्हणणं देण्याची परवानगी मागा.

आता जो भाग मला सगळ्यात जास्त सांगायचा आहे, तो. शिक्षा होईपर्यंत थांबायची गरज नाही, आणि थांबूही नये. ४९८-अ चा खटला वर्षानुवर्षं चालतो, बरेचसे तडजोडीत मिटतात आणि जिवाला धोका सर्वाधिक असतो तो बाई घर सोडते किंवा त्याला पहिली नोटीस मिळते त्या दिवसांत. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, छळणाऱ्या जोडीदाराच्या हाताशी बंदूक असेल तर बाईचा खून होण्याचा धोका पाचपट असल्याचं दिसलं.

इथे कौटुंबिक हिंसाचार अधिनियम २००५ कामी येतो. एक गैरसमज आधी दूर करू. या कायद्याखाली ‘केस जिंकली’ म्हणजे नवऱ्याला शिक्षा झाली असं नव्हे. कलम १८ चा संरक्षण आदेश किंवा १९ चा निवास आदेश ही दोषसिद्धी नाही, त्यामुळे शस्त्र अधिनियमाची शिक्षेवरची बंदी त्याने लागत नाही. पण त्याच कलम ९ मध्ये आणखी एक पोटकलम आहे, ज्याच्याकडे फार थोडे वकील पाहतात: शांतता राखण्याचं किंवा चांगल्या वर्तनाचं बंधपत्र देण्याचा आदेश ज्याच्यावर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या प्रकरण ८ खाली झाला आहे, त्यालाही बंधपत्राच्या मुदतीत बंदूक ठेवता येत नाही. आता कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम १९(३) वाचा. दंडाधिकारी नवऱ्याकडून हिंसा न करण्याचं बंधपत्र घेऊ शकतात. आणि १९(४) म्हणतं, असा आदेश प्रकरण ८ खालचाच आदेश मानला जाईल. दोन्ही कलमं एकत्र ठेवली की शिक्षा नसतानाही बंदुकीवर बंदी येते.

हे साधायचं तर अर्जातली मागणी नीट शब्दांत हवी. ‘कलम १९(३) व १९(४) अन्वये, शांतता राखण्यासाठी व चांगल्या वर्तनासाठी, कौटुंबिक हिंसा न करण्याबाबत प्रतिवादीकडून जामीनदारासह अमुक मुदतीचं बंधपत्र घ्यावं’ असं लिहा. ‘शांतता’ आणि ‘चांगलं वर्तन’ हे शब्द आदेशात आले नाहीत तर समोरचा वकील म्हणणार की हे वेगळंच बंधपत्र आहे. मुदत लिहिली नाही तर बंदी कधीपर्यंत, हे कुणालाच सांगता येत नाही. १ जुलै २०२४ पासून फौजदारी संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आहे आणि जुनं प्रकरण ८ तिथे प्रकरण ९ आहे. जुन्या कायद्यांतले उल्लेख नव्या प्रकरणाला लागू समजायचे, हे जनरल क्लॉजेस अॅक्टच्या कलम ८ ने ठरलेलं आहे. अर्जात दोन्ही क्रमांक लिहा, म्हणजे वाद उद्भवत नाही.

त्याच अर्जात कलम १८ खाली स्वतंत्र मागणी करा: प्रतिवादीने बंदूक, काडतुसं आणि मूळ परवाना २४ तासांत ठाण्यात जमा करावा, पोलिसांनी पावतीची प्रत न्यायालयात द्यावी आणि आदेशाची प्रत जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे पाठवावी. या कायद्याच्या २००६ च्या नियमांत, नियम १० मध्ये, हिंसेत वापरलेलं हत्यार पोलिसांच्या मदतीने जप्त करण्याचं काम संरक्षण अधिकाऱ्यांना दिलेलं आहे, मात्र दंडाधिकाऱ्यांनी लेखी सांगितलं तर. म्हणून ‘नियम १० प्रमाणे संरक्षण अधिकाऱ्यांना निर्देश द्यावेत’ हेही लिहा. सगळं कलम २३ खाली एकतर्फी अंतरिम मागा, प्रतिज्ञापत्र नमुना ३ मध्ये जोडा. आदेशाची प्रत कलम २४ प्रमाणे फुकट मिळते आणि ठाण्यालाही जाते. आदेश मोडला तर कलम ३१: एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तो गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. ‘परवाना आहे, आम्ही काय करणार’ हे उत्तर त्या क्षणी संपतं. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

अगदी निकडीचं असेल तर शस्त्र अधिनियमाचं कलम २२ आहे. एखाद्याच्या हाती शस्त्र राहणं शांततेला किंवा सुरक्षिततेला धोक्याचं आहे असं दंडाधिकाऱ्यांना वाटलं, तर कारणं नोंदवून घराची झडती घेऊन शस्त्र ताब्यात घेता येतं, परवाना असला तरीही. जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या अर्जात शेवटची मागणी म्हणून हे कलम घाला.

आणि ‘चॅप्टर केस’बद्दल, म्हणजे त्याच प्रकरण ८ (आता ९) खाली बंधपत्र घेण्याच्या कारवाईबद्दल. ठाण्यात सांगतात, ‘त्याच्यावर चॅप्टर केली आहे’. कागद मागून पाहा. नुसती नोटीस गेली असेल तर बंदुकीला काही होत नाही. कार्यकारी दंडाधिकाऱ्यांनी बंधपत्र देण्याचा आदेश केला तरच कलम ९ लागू होतं, आणि शांतता राखण्याचं ते बंधपत्र जास्तीत जास्त एक वर्षाचं असतं. ज्यांचा खटला अजून चालू आहे त्यांनी सरकारी वकिलांना एक विनंती करून ठेवावी: मारहाण किंवा धमकीच्या कलमात दोषसिद्धी झाली, तर शिक्षा सुनावतानाच नव्या संहितेच्या कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंतचं बंधपत्र मागावं. मागितल्याशिवाय ते क्वचितच मिळतं.

जप्तीच्या दिवशी काय चुकतं ते नीट लक्षात ठेवा. बंदूक स्वतः उचलून ठाण्यात नेऊ नका. परवाना त्याच्या नावावर आहे, रस्त्यात ती तुमच्या हातात सापडली तर गुन्हा तुमच्यावर, आणि दुनळी भरलेली आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. ती कुठे ठेवलेली असते, किल्ली कुणाकडे, काडतुसांचे डबे कुठे, एवढं लिहून पोलिसांना द्या. त्या वेळी बहीण आणि मुलं घरात नसावीत. नोटीस त्याच्या हातात पडणं आणि बंदूक जमा होणं एकाच दिवशी व्हावं, आधी नोटीस आणि चार दिवसांनी जप्ती असं होऊ देऊ नका. पंचनाम्यात बंदुकीचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या परवान्याशी जुळते का पाहा, कारण बंदूक जमा करून काडतुसं मागे ठेवली जातात. फक्त तोंडी ‘जमा झाली’ ऐकून घरी परतू नका, पावती बघा. निवडणुकीत बऱ्याच परवानाधारकांच्या बंदुका जमा करून घेतात आणि निकालानंतर परत देतात. त्या नेहमीच्या यादीत ही बंदूक परत जाऊ नये, म्हणून ठाण्याला आधीच लेखी कळवा.

परवाना सासऱ्यांच्या नावावर असेल तर? हे खेड्यांत फार आहे. मग बंदी मुलावर, बंदूक बापाची, घर एकच. परवान्यात मुलाचं नाव रिटेनर (धारकाच्या वतीने बंदूक बाळगायची मुभा असलेला) म्हणून असेल तर ते काढून टाकण्याची मागणी करा. हक्क नसलेल्याच्या हाती शस्त्र देणं हा कलम २९ खाली गुन्हा आहे, हे सासऱ्यांना नोटिशीने कळवा. न्यायालयाकडे बंदूक त्या घराबाहेर, विक्रेत्याकडे ठेवण्याचा आदेश मागा. नवऱ्याने ती भावाच्या नावावर करायची ठरवली तर कलम ५ प्रमाणे जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा ठाण्याला आधी लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. त्या ४५ दिवसांत हरकत नोंदवा.

गावठी कट्ट्याचं प्रकरण वेगळं. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना सांगायला नको. चोपडा तालुक्याच्या सीमेपलीकडे, मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातल्या उमर्टीतून येणारे कट्टे पोलिसांनी कित्येकदा पकडले आहेत. तिथे परवाना रद्द करण्याचा प्रश्नच नाही. ११२ ला किंवा स्थानिक गुन्हे शाखेला जागेसकट माहिती द्या. पुढे दोन गोष्टींवर लक्ष ठेवा: बिनपरवाना शस्त्राच्या खटल्याला कलम ३९ प्रमाणे जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, आणि शस्त्र गोळी झाडण्यायोग्य आहे असा न्यायवैद्यक अहवाल लागतो. या दोहोंतलं एक जरी राहिलं तरी आरोपी सुटतो.

अमेरिकेबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून. तिथे १९९४ पासून ज्याच्याविरुद्ध संरक्षण आदेश आहे त्याच्यावर बंदी आहे आणि १९९६ च्या लॉटेनबर्ग दुरुस्तीने घरगुती हिंसेच्या किरकोळ गुन्ह्यातल्या दोषीवरही. ती बंदी पाच वर्षांत संपत नाही. फक्त प्रियकर-प्रेयसीच्या नात्यातल्या गुन्ह्यासाठी २०२२ च्या कायद्याने पाच वर्षांची मुदत ठेवली आहे. जून २०२४ मध्ये रहीमी खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने संरक्षण आदेशावरची बंदी आठ विरुद्ध एक अशा मतांनी वैध ठरवली. पण घरात असलेली बंदूक काढून कशी घ्यायची याची पद्धत त्या केंद्रीय कायद्यातही दिलेली नाही, ती राज्याराज्यांवर सोडली आहे. एका बाबतीत मात्र ते आपल्या पुढे आहेत: दोषी ठरलेल्या पोलिसाला किंवा सैनिकाला सरकारी कामाचीही बंदूक ठेवता येत नाही. आपल्याकडे सरकारी कर्तव्यातली शस्त्रं कलम ४५ ने या अधिनियमाबाहेर आहेत. नवरा पोलिसात किंवा एसआरपीत (राज्य राखीव पोलीस दलात) असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडचा अर्ज पुरत नाही. निकालाची प्रत त्याच्या अधीक्षकांना किंवा समादेशकांना देऊन त्याला शस्त्राशिवायची ड्युटी देण्याची लेखी मागणी करा.

शेवटी तडजोडीचं. अपील चालू असताना मध्यस्थी किंवा लोकअदालतीत प्रकरण मिटवायचा दबाव येईल. बहिणीने मिटवायचं ठरवलंच तर तो तिचा निर्णय, पण तडजोडपत्रात पोटगी आणि स्त्रीधनाच्या जोडीला आणखी एक कलम टाकायला लावा: परवाना तो स्वतः परत करेल, बंदूक ४५ दिवसांची नोटीस देऊन विक्रेत्याला विकेल आणि विक्रीची पावती न्यायालयात दाखल झाल्यावरच तिच्या संमतीचं प्रतिज्ञापत्र दिलं जाईल. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी संमती दिली, तर पावती मागायला तुमच्याकडे काहीच उरत नाही.